षटकोनी जाळी: वाद घराच्या पत्त्याचा

झाडांची मोजणी असो की उन्हाळ्यातलं तापमान, नागपूरच्या नकाशावर दाखवताना प्रभागांवर भागत नाही. प्रभाग लहानमोठे, शिवाय फेररचना झाली की सीमाच सरकतात. म्हणून शहरावर षटकोनी जाळी टाकायचं ठरतं, आणि कोड लिहिणारा पहिल्या तासाभरातच एका जुन्या भांडणात सापडतो: जाळीतल्या प्रत्येक घराला, म्हणजे षटकोनाला, पत्ता द्यायचा कसा?

हे भांडण पटावरच्या युद्धखेळांकडून आलंय. अमेरिकी यादवी युद्धातल्या एका लढाईवरचा खेळ १९५८ साली चौकोनी जाळीवर आला, १९६१ च्या आवृत्तीत षटकोनांवर गेला आणि १९६४ मध्ये परत चौकोनांवर आला. बाकीच्या युद्धखेळांनी मात्र षटकोन सोडला नाही. चौकोनात तिरपी चाल सरळ चालीच्या १.४१ पट लांब पडते. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. या खेळांत घरावर बहुधा चार आकडे छापलेले असत, दोन स्तंभाचे, दोन ओळीचे.

संगणकावर तोच पत्ता जसाच्या तसा आला. द्विमितीय अॅरे, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, आणि एक सोडून एक ओळ अर्धं घर सरकवलेली. पडदा आयताकृती आणि मेमरी तुटपुंजी, त्यामुळे त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. पण सम ओळीतल्या घराच्या शेजाऱ्यांचा हिशेब वेगळा आणि विषम ओळीतल्या घराच्या शेजाऱ्यांचा वेगळा. त्यात ओळ क्रमांक शून्याखाली गेला की गंमत सुरू. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत उणे १ ला २ ने भागून बाकी काढली तर उणे १ मिळते, पायथन या भाषेत १. ‘बाकी १ असेल तर सरकव’ असं लिहिलेलं असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये शून्याखालच्या विषम ओळी जागच्या हलत नाहीत आणि जाळी तिथून फाटते.

दुसऱ्या पद्धतीत ६० अंशांतले दोन अक्ष, क्यू आणि आर, आणि सोबत तिसरा आकडा एस. तिघांची बेरीज कायम शून्य. स्फटिकशास्त्रात ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. गेम लिहिणाऱ्यांत तिची चर्चा १९९० च्या दशकात न्यूजग्रुपांवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चागटांवर, सुरू झाली, म्हणजे उशिराच. दोन घरांतलं अंतर काढायचं तर तिन्ही फरकांची चिन्हं सोडून बेरीज करा आणि निम्मी करा, झालं. क्लिक कुठल्या घरात पडला हेही सरळ कळतं: समजा क्लिकचे क्यू, आर, एस अनुक्रमे ०.४५, ०.४० आणि उणे ०.८५ आले. पूर्णांक केले तर ०, ०, उणे १; बेरीज शून्य नाही. पूर्णांक करताना जो सर्वांत जास्त बदलला, म्हणजे क्यू, तो टाकून उरलेल्या दोघांवरून काढायचा. घर ठरलं: १, ०, उणे १.

ओळ-स्तंभवाल्यांचं म्हणणं असं की आयताकृती नकाशा साठवायला त्यांचीच पद्धत सोयीची. खरंय, पण साठवताना ओळ-स्तंभ आणि हिशेब करताना अक्ष, एवढं केलं की वादात फारसं काही उरत नाही.

२०१० मध्ये एका गाजलेल्या खेळमालिकेने चौकोन टाकून षटकोन घेतले. २०१८ मध्ये एका टॅक्सी कंपनीने सगळ्या पृथ्वीवरची षटकोनी जाळी सर्वांसाठी खुली केली. नुसत्या षटकोनांनी गोल झाकता येत नाही, म्हणून तिच्या प्रत्येक पातळीवर (घरं बारीक करत नेणाऱ्या प्रत्येक पायरीवर) १२ पंचकोन आहेत. तिच्या आठव्या पातळीवरचं घर सरासरी ०.७४ चौरस किलोमीटरचं, पण नागपूरच्या हद्दीवर घरं अर्धवट कापली जाणारच.

स्वतः जाळी आखणाऱ्याने अंशांत आखू नये. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर आणि अक्षांशाचा सुमारे १११, त्यामुळे अंशांत नियमित काढलेला षटकोन जमिनीवर पूर्व-पश्चिम सहा-सात टक्के दबलेला असतो. मीटरमध्ये काढायचा तर यूटीएमचा, म्हणजे पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत वाटून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा, पट्टा ४४ घ्यावा. अमरावतीपर्यंत जाळी न्यायची असेल तर वाटेत ७८ रेखांश ओलांडावा लागतो आणि पट्टा ४३ सुरू होतो. तेव्हा एकच पट्टा धरून पुढे ताणायचा की दोन जाळ्या करायच्या, हे आधीच ठरवलेलं बरं.