पॉप छापचित्रे, ब्रिटिश नटनट्यांची

चित्रपटांतील नामवंत ब्रिटिश नटनट्यांचे चेहरे सपाट, भडक रंगांत व मोजक्या छटांत उतरवून काढलेली छापचित्रे. ती बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने, क्वचित शिलामुद्रणाने (लिथोग्राफी) आणि अलीकडे संगणकीय शाईफवारणीने (इंकजेट) छापली जातात. हा प्रकार १९६० च्या दशकातील लंडनमध्ये जन्मला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तंत्र आणि दृष्टी त्या काळातली खरी. पण त्या वेळच्या लंडनच्या चित्रकारांना भुरळ पडली होती ती मुख्यतः अमेरिकन आणि फ्रेंच ताऱ्यांची. मायकेल केन, शॉन कॉनरी, पीटर सेलर्स ही मंडळी दिवाणखान्याच्या भिंतीवर आली ती बव्हंशी नंतरच्या स्मरणरंजनातून.

संज्ञा : ‘पॉप आर्ट’ (जाहिराती, चित्रपट अशा लोकप्रिय संस्कृतीशी निगडित कला) हा शब्द प्रथम कोणी वापरला, याबद्दल मतभेद आहेत. ब्रिटिश कलावंत एदुआर्दो पाओलोत्झी यांच्या १९४७ मधील एका कोलाजमध्ये पिस्तुलातून निघालेल्या धुराच्या ढगावर ‘पॉप’ ही अक्षरे दिसतात. मात्र ती मासिकातून कापून घेतलेली आहेत. त्यांना कलासंज्ञा मानणे म्हणजे ओढाताण होईल. समीक्षक लॉरेन्स ॲलोवे यांच्याकडे सामान्यतः श्रेय दिले जाते. परंतु फेब्रुवारी १९५८ च्या त्यांच्या ज्या लेखाचा आधार घेतला जातो, त्यात ही संज्ञा या रूपात नाही. १९५४-५५ चा हिवाळा आणि १९५७ यांच्या दरम्यान ती बोलण्यात रुळली, असे त्यांनीच पुढे लिहिले. कलावंत जॉन मॅकहेल यांनी १९५४ मध्ये ती घडवली, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे आहे. छापील वापराच्या आरंभीच्या नोंदींपैकी एक ॲलिसन व पीटर स्मिथसन या वास्तुकार दांपत्याच्या १९५६ मधील लेखातली आहे. शब्द मित्रमंडळीच्या गप्पांतून आला आणि कागदावर उशिरा उतरला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ही मंडळी म्हणजे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स या संस्थेत १९५२ पासून जमणारा ‘इंडिपेंडंट ग्रुप’.

श्रेयापेक्षा अर्थाचा प्रश्न मोठा आहे. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी १६ जानेवारी १९५७ रोजी स्मिथसन दांपत्याला लिहिलेल्या पत्रात पॉपची लक्षणे दिली : घाऊक लोकांसाठी केलेली, क्षणिक, स्वस्त, तरुण, चटकदार, मोहक, मोठ्या भांडवलाची इत्यादी. ही लक्षणे चित्रांची नव्हेत, खुद्द जाहिराती-सिनेमांची आहेत. या मूळ अर्थाने चित्रपट आणि त्याचे पोस्टर (ब्रिटनमध्ये ३० × ४० इंचांचे, आडवे) हेच ‘पॉप आर्ट’ ठरतात आणि नटाचे छापचित्र हे त्या पॉपविषयीचे चित्र. हा भेद १९६० नंतर पुसट झाला.

तंत्र : घट्ट ताणलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने शाई खाली दाबायची, नको तेथे जाळी बुजवायची, ही क्रिया लग्नपत्रिका छापणाऱ्या कोणत्याही कारागिराला ठाऊक असते. तिचे पेटंट १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी घेतल्याचे बहुतेक ग्रंथ सांगतात. काही अभ्यासक तिचे मूळ केसांनी किंवा रेशमी धाग्यांनी जोडलेल्या जपानी कागदी साच्यांत पाहतात. दोन्ही मतांत विरोध असण्याचे कारण नाही : साचा जुना, चौकटीवरची जाळी नवी. नटांच्या चित्रांना निर्णायक ठरली ती छायाचित्रावरून साचा करण्याची युक्ती. डायक्रोमेट क्षार प्रकाशाला संवेदनशील असतात, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवले होते. असा क्षार मिसळलेल्या जिलेटिनचा थर जाळीला देऊन त्यावर छायाचित्राची पारदर्शक फिल्म ठेवतात. प्रकाश पडेल तेथे थर कडक होतो, काळ्या भागाखालचा पाण्याने धुतला जातो आणि तेवढ्याच भोकांतून शाई उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. म्हणून छटा कमी कराव्या लागतात, आणि ही काटकसरच पुढे शैली झाली.

ब्रिटनमध्ये या कामाचे केंद्र होते ख्रिस प्रेटर व त्यांची पत्नी रोझ केली यांनी १९५७ च्या सुमारास लंडनमध्ये सुरू केलेला केल्प्रा स्टुडिओ. नाव दोघांच्या आडनावांतून झाले. १९६४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्ससाठी येथे २४ कलावंतांचा छापचित्रसंच निघाला. चित्रकार पीटर ब्लेक यांनी त्यासाठी विषय निवडला तो ‘बीच बॉइज’ या अमेरिकन गायकांचा. याच सुमारास फ्रान्सच्या छापचित्रविषयक राष्ट्रीय समितीने ‘अस्सल छापचित्र’ म्हणजे कलावंताने स्वतः, पूर्णपणे हाताने केलेले, छायायांत्रिक मदत वगळून, अशी व्याख्या केली (१९६४). या मापाने पॉप छापचित्रांपैकी बरीच बाद ठरतात, कारण छायाचित्र दुसऱ्याचे, जाळी प्रेटर यांची आणि चित्रकाराचा हात बहुधा सहीपुरता. तरीही १९६५ च्या पॅरिस द्वैवार्षिकात पॅट्रिक कॉलफील्ड या तरुण ब्रिटिश चित्रकाराला छापचित्रांसाठी पारितोषिक मिळाले.

विषय : १९५६ च्या ‘धिस इज टुमॉरो’ या प्रदर्शनातच हॅमिल्टन, मॅकहेल आदींच्या दालनात अमेरिकन तारका मेरिलिन मन्रोचे चित्र होते. हॅमिल्टन यांनी १९६५ मध्ये ‘माय मेरिलिन’ हे चित्र व छापचित्र केले, ते तिने स्वतः फुल्या मारून नापसंत केलेल्या छायाचित्रांवरून. चित्रकार जेराल्ड लेंग यांनी १९६३ मध्ये वृत्तपत्री छपाईचे ठिपके हाताने मोठे करून ब्रिजित बार्दो आणि अना करिना या फ्रेंच चित्रपटांतील नट्या रंगवल्या. बार्दोचे छापचित्र १९६८ चे. चित्रकार पॉलिन बोटी यांच्या गाजलेल्या चित्रांत मन्रो आणि फ्रेंच नट झाँ-पॉल बेलमाँदो आहेत. बोटी स्वतः नटीही होत्या आणि मायकेल केन नायक असलेल्या १९६६ च्या ‘आल्फी’त छोट्या भूमिकेत दिसतात, हा योगायोग नोंदवण्याजोगा. ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी १९६७ मध्ये बीटल्सच्या तबकडीसाठी रचलेल्या वेष्टनावर ब्रिटिश नटी डायना डॉर्सचा मेणाचा पुतळा व इंग्लंडमधील अल्व्हर्स्टनमध्ये जन्मलेला विनोदी नट स्टॅन लॉरेल आहेत, पण गर्दीत अमेरिकन चेहरे अधिक.

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या चित्रपटतारकेचे सर्वांत प्रसिद्ध पॉप छापचित्र न्यूयॉर्कमध्ये झाले. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे ‘लिझ’ (१९६४) हे एलिझाबेथ टेलरचे चित्र म्हणजे सुमारे ३०० प्रतींचे ऑफसेट शिलामुद्रण. टेलरचा जन्म लंडनचा (१९३२), आईवडील अमेरिकन. ती अतिशय आजारी होती आणि आता वाचत नाही असे सगळे म्हणत होते, तेव्हा ही चित्रे सुरू केली, असे वॉरहॉल यांनी सांगितले आहे.

खास ब्रिटिश चेहऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचा ठरला तो एका छायाचित्रकाराचा संच. डेव्हिड बेली यांच्या ‘बॉक्स ऑफ पिन-अप्स’मध्ये (१९६५) पेटीत ठेवलेले ३६ सुटे हाफटोन (ठिपक्यांच्या छपाईचे) कागद होते. त्यांत केन आहेत. पांढरी पार्श्वभूमी, कडक काळा, मधल्या छटा जवळजवळ नाहीत. रूढ अर्थाने हे पॉप नव्हे; मात्र आजच्या बाजारी छापचित्रांवर वॉरहॉलच्या रंगांइतकीच या काळ्या-पांढऱ्याची छाया आहे.

कोणता नट या साच्यात बसतो, हे अभिनयावर ठरत नाही. छटा तीन-चारवर आल्या की नजर, आवाजाचा सूर, ओठांची हालचाल गळून पडते. उरतात त्या वस्तू. केन यांची ‘द इप्क्रेस फाइल’मधली (१९६५) जाड काड्यांची चष्म्याची चौकट, चॅप्लिनची टोपी आणि मिशी, ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर ली यांचे सुळे, ऑड्री हेपबर्नचा अंबाडा. उलट ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एकट्याने आठ व्यक्ती उभ्या करणारे ॲलेक गिनेस या चित्रांना अवघड जातात. चेहरा पुसून टाकणे हीच त्यांची कला होती.

प्रती व हक्क : ब्लेक यांनी १९६८ मध्ये ‘बेब रेनबो’ ही काल्पनिक कुस्तीगीर पत्र्यावर छापून १०,००० प्रती काढल्या, स्वस्त व सर्वांसाठी हे हॅमिल्टन यांचे लक्षण येथे अक्षरशः पाळलेले दिसते. शाईफवारणीच्या प्रतींना १९९१ मध्ये छपाईकार जॅक ड्युगन यांनी ‘जिक्ले’ हे फ्रेंच वळणाचे नाव दिले. यात जाळी झिजत नाही, त्यामुळे प्रतींची मर्यादा ही केवळ विक्रेत्याची घोषणा असते. तरी पेन्सिलीची सही आणि अपूर्णांकातला क्रमांक (वर प्रतीचा अंक, खाली एकूण प्रती) कायम आहे.

इंग्लंडच्या कायद्यात चेहऱ्यावर स्वतंत्र हक्क नाही. छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. मात्र गायिका रिहानाच्या टी-शर्टवरील छायाचित्राच्या खटल्यात (२०१३, अपिलात २०१५) विक्रेत्याने छायाचित्राचा परवाना घेतलेला असूनही न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, त्या शर्टाला तिची मान्यता आहे असा ग्राहकांचा समज होईल, हे कारण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गायक प्रिन्सच्या छायाचित्रावरून वॉरहॉल यांनी केलेल्या चित्राच्या मासिकातील वापराबाबत छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला.