नव्या बँडवर माहितीपट: सेन्सॉर प्रमाणपत्र आणि त्याआधीची गाण्यांची कागदपत्रं

थिएटरमध्ये किंवा टीव्हीवर दाखवायच्या माहितीपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. नुसता यूट्यूबवर किंवा ओटीटीवर टाकायचा असेल तर लागत नाही. महोत्सवासाठीची सूट वेगळी असते आणि ती सहसा आयोजकच माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळवतात. आयोजकांनी सुटीसाठी दिलेल्या यादीत आपल्या फिल्मचं नाव आहे ना, तेवढं विचारून घ्या.

अर्ज निर्मात्याच्या नावाने होतो, तेव्हा निर्माता कोण हे पहिल्या दिवशीच ठरवा. बँडने पैसे देऊन तुमच्याकडून फिल्म करून घेतली आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला मालक बँड ठरतो, तुम्ही नाही.

आता गाणी. खरं काम इथे आहे आणि ते शूटिंगच्या आधी उरकायचं असतं. एका गाण्यात किमान दोन हक्क असतात: बोल आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा म्हणजे मास्टरचा दुसरा. स्टेजवरचं गाणं तुम्ही स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलंत तर ते रेकॉर्डिंग तुमचं, पण बोल-चालीची परवानगी तरीही लागते. शिवाय वाजवणाऱ्या-गाणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी. रॅप ग्रुप असेल तर बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारा संगीताचा ट्रॅक, कुठून आला ते विचारा. ऑनलाइन लीजवर (मर्यादित वापराच्या परवान्यावर) घेतलेल्या स्वस्त बीटमध्ये बऱ्याचदा गाणं ठरावीक वेळा ऑनलाइन ऐकलं जाईपर्यंतचीच मुभा असते, फिल्ममधला वापर त्यात बसत नाही. पावतीवर समाधान मानू नका, लायसन्सचा पूर्ण मजकूर मागा.

करारात गाण्याचं नाव, दिलेले हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला हे पाचही मुद्दे असू द्या. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश राहिला तर फक्त भारत, मग परदेशातल्या मराठी मंडळाचा खेळसुद्धा कराराबाहेर जातो. प्रत्येक सदस्याची वेगळी सही घ्या. ‘बँडच्या वतीने’ अशी गायकाची एकट्याची सही पुढे ड्रमरने ग्रुप सोडला की वादात सापडते, आणि नव्या ग्रुपमध्ये माणसं बदलतातच. कुणी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची सही हवी.

ग्रुप जुनी गाणी गात असेल तर वर्षं मोजा: कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबांचा अभंग कुणीही घ्यावा. मात्र त्याला आज लावलेली चाल संगीतकाराची. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागेल.

एवढं हातात आलं की प्रमाणपत्राचा अर्ज सोपा आहे. मंडळाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर निर्माता म्हणून नोंदणी करायची, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. ७२ मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपटात धरतात. शुल्क लांबीवर ठरतं. सोबत कथासार, पूर्ण श्रेयनामावली, संवादांची संहिता आणि गाण्यांचे पूर्ण बोल द्यावे लागतात. बोल फिल्ममध्ये ऐकू येतात तसेच टाइप करा. अल्बममधला साफ मजकूर जोडला आणि स्टेजवर शिवी आली, तर कागद आणि पडदा जुळत नाही आणि अर्ज खुलाशासाठी परत येतो. ग्रीनरूममध्ये कुणी सिगारेट ओढताना दिसत असेल तर तंबाखूविरोधी इशारा आणि स्पॉट (छोटी जनजागृतीची फिल्म) आधीच घालून ठेवा.

मंडळाची समिती फिल्म पाहून वर्ग सुचवते: यू (सगळ्यांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए (फक्त प्रौढांसाठी). टीव्हीचा विचार असेल तर ‘ए’ टाळायचा प्रयत्न करा; नाहीतर टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कट मान्य नसतील तर फिल्म पुन्हा तपासणाऱ्या पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात. अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं.

२०२३ च्या दुरुस्तीपासून प्रमाणपत्राला मुदत राहिलेली नाही. पण ते मंडळाने पाहिलेल्या फिल्मला मिळालेलं असतं. नंतर एखादं गाणं बदललं किंवा नवा प्रसंग घातला, तर तो बदल दाखवण्याआधी मंडळाला कळवावा लागतो.