वीस शॉट मारूनही शून्य गोल: शनिवार-रविवारच्या निकालांमागचं गणित

सोमवारी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये फुटबॉलवाल्यांचा घोळका असला की एक तक्रार हमखास कानावर येते. "सत्तर टक्के बॉल आपल्याकडे, वीस शॉट मारले, आणि हरलो एक-शून्यने. मॅच फिक्सच असणार." कुणी रेफरीला शिव्या घालतो, कुणी मॅनेजरला हाकला म्हणतो, कुणी सगळं खापर स्ट्रायकरवर फोडतो. जिंकलेल्या टीमचे समर्थक तेवढ्याच ठामपणे सांगतात की आमचा फॉर्म परत आला.

यातली बहुतेक विधानं एका मॅचवरून करताच येत नाहीत. फुटबॉलच्या एका निकालात नशिबाचा वाटा इतर बहुतेक खेळांपेक्षा खूप मोठा असतो. तो किती मोठा, हे शाळेतलं संभाव्यतेचं प्रकरण आठवत असेल तर घरी कागदावर मांडता येतं.

सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: गोल दुर्मिळ असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दोन्ही टीम मिळून एका मॅचमध्ये साधारण पंचवीस शॉट मारतात आणि त्यातून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. २०२३-२४ च्या हंगामात ३८० मॅचमध्ये १,२४६ गोल झाले, म्हणजे मॅचमागे ३.२८. वीस टीमच्या लीगमधला तो विक्रम होता. विक्रमी हंगामातसुद्धा एका टीमच्या वाट्याला मॅचमागे दीड-पावणेदोन गोलच आले. क्रिकेटमध्ये एक झेल सुटला तरी भरपाईला पुढे शेकडो चेंडू असतात. फुटबॉलमध्ये बॉल पोस्टच्या आतल्या बाजूला लागला की बाहेरच्या, एवढ्यावर विजयाचे तीन गुण इकडचे तिकडे होतात.

आता मुख्य यंत्रणा. समजा एका टीमने आपल्या ताकदीनुसार ९० मिनिटांत सरासरी १.८ गोल करायला हवेत. मॅचचे एकेक मिनिटाचे ९० तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात गोल होण्याची शक्यता १.८ भागिले ९०, म्हणजे ०.०२, न होण्याची ०.९८. एकही गोल न होण्याची शक्यता म्हणजे ०.९८ ला ०.९८ ने असं नव्वद वेळा गुणणं. उत्तर येतं ०.१६२. मिनिटांऐवजी सेकंदांचे ५,४०० तुकडे केले तर ०.१६५. तुकडे आणखी बारीक करत गेलो तरी उत्तर ०.१६५ पाशीच थांबतं. ही संख्या म्हणजे २.७१८ चा उणे १.८ वा घात. बहुतेक फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की त्यासाठी लागणारं बटण दिसतं.

पुढच्या पायऱ्या त्याहून सोप्या. शून्य गोलांची शक्यता ०.१६५. तिला १.८ ने गुणा आणि १ ने भागा: एक गोलाची शक्यता, ०.२९८. तिला १.८ ने गुणून २ ने भागा: दोन गोलांची, ०.२६८. पुन्हा १.८ ने गुणून ३ ने भागा: तीन गोलांची, ०.१६१. असंच चार, पाच, सहापर्यंत जा. पुढचे आकडे नगण्य असतात. यालाच पॉयसन वितरण म्हणतात. फ्रेंच गणिती पॉयसनने ते १८३७ मध्ये मांडलं. १८९८ मध्ये बोर्टकेविच या संख्याशास्त्रज्ञाने ते प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदींवर लावून पाहिलं. सैन्याच्या दहा तुकड्या (कोअर), वीस वर्षं, प्रत्येक तुकडीची वर्षाला एक, अशा २०० नोंदींत १२२ मृत्यू होते, म्हणजे सरासरी ०.६१. एकही मृत्यू नाही अशा नोंदी सूत्राप्रमाणे १०८.७ हव्या होत्या, निघाल्या १०९. एक मृत्यू असलेल्या हव्या होत्या ६६.३, निघाल्या ६५. दोन मृत्यू असलेल्या हव्या होत्या २०.२, निघाल्या २२. एखाद्या वर्षी चार माणसं गेली म्हणून त्या तुकडीचे घोडे बिघडले होते असं ठरत नाही. दुर्मिळ घटना आपोआप अशाच गुच्छांनी येतात. गोलांचंही तेच.

१.८ हा आकडा आणायचा कुठून? १९८२ मध्ये मायकेल माहेर या संख्याशास्त्रज्ञाने जी वाट दाखवली ती आजही वापरात आहे. लीगमधली टीममागची सरासरी घ्या, समजा १.४ गोल. आपली टीम सरासरीपेक्षा २० टक्के जास्त गोल करत असेल तर १.२ ने गुणा. समोरची टीम सरासरीपेक्षा ७ टक्के जास्त गोल खात असेल तर १.०७ ने गुणा. उत्तर १.८. समोरच्या टीमसाठी असंच गणित करून समजा ०.९ आलं. म्हणजे आपली टीम बरोबर दुप्पट चांगली.

दोघांच्या शक्यतांच्या रांगा एका तक्त्यात मांडा, एकीची प्रत्येक शक्यता दुसरीच्या प्रत्येक शक्यतेने गुणा, आणि जिंकणारी, बरोबरीची आणि हरणारी घरं वेगवेगळी बेरजा. दुप्पट चांगली टीम जिंकते शंभरात ५९ वेळा. २३ वेळा ड्रॉ. १८ वेळा सरळ पराभव. रेफरीने काही केलं नाही, कुणाची निष्ठा कमी पडली नाही, मॅनेजरने चुकीचा खेळाडू उतरवला नाही, तरी शंभरातल्या ४१ शनिवारी आपण हात चोळत बसणार. हीच ताकद ठेवून खेळात दहापट गोल होत असते, १८ विरुद्ध ९, तर चांगली टीम शंभरात सुमारे ९५ वेळा जिंकली असती. प्रभादेवी-लालबागच्या मैदानांत कबड्डीचा तगडा संघ कच्च्या संघाकडून क्वचितच हरतो, त्यामागे हेही एक कारण आहे: गुण भरपूर असतात, आणि गुण जितके जास्त तितकं नशीब धुवून निघतं.

स्कोअर अचूक सांगणाऱ्यांसाठी एक आकडा. या मॅचचा सर्वात शक्य निकाल १-०. त्याची शक्यता फक्त १२ टक्के.

आता वीस शॉटची तक्रार. हल्ली स्क्रीनवर एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल दाखवतात. अंतर, गोलपोस्टशी होणारा कोन, पायाने की डोक्याने, पास कसा आला, अशा बाबींवरून जुन्या हजारो शॉटशी तुलना करून प्रत्येक शॉटला ० ते १ मधला आकडा दिला जातो. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ मिळतात. गोलपुढच्या पेटीबाहेरून मारलेल्या लांबच्या शॉटला बहुतेक वेळा ०.०५ सुद्धा नाही. वीस शॉटपैकी पंधरा असे असतील तर त्या सगळ्यांची बेरीज फार तर एका पेनल्टीएवढी येते. त्यामुळे शॉट मोजणं जवळजवळ निरुपयोगी आहे.

एक्सजीची बेरीज मात्र उपयोगी असली तरी एका गोष्टीत फसवते, आणि ती समजून घ्यायला थोडे कष्ट पडले तरी चालतील. एका टीमला दोनच संधी मिळाल्या, दोन्ही ०.७५ च्या. दुसरीला पंधरा, प्रत्येकी ०.१ च्या. बेरीज दोघांची १.५. मॅच बरोबरीची वाटते, पण तशी नाही. पहिल्या टीमला शून्य गोल मिळण्याची शक्यता ०.२५ गुणिले ०.२५, म्हणजे सहा टक्के. दुसरीला ०.९ चा पंधरावा घात, म्हणजे २१ टक्के. पूर्ण तक्ता मांडला तर पहिली टीम शंभरात ३९ वेळा जिंकते, दुसरी ३२ वेळा, बाकी ड्रॉ. पंधरा लहान संधींतून कधी चार-पाच गोलही होतात, पण ते जास्तीचे गोल वाया जातात, कारण ५-१ ला आणि २-१ ला गुण तीनच. बेरीज सारखी असताना मोजक्या पण मोठ्या संधी असलेली टीम थोडी पुढे असते. "त्यांना दोनच चान्स मिळाले आणि दोन्ही घातले" ही तक्रार म्हणजे खरं तर समोरच्याचं कौतुक आहे.

बेरजेत आणखी एक खड्डा. पेनल्टी कीपरने अडवली, रिबाउंड ०.५ च्या संधीत आला, तोही हुकला. बेरीज ०.७६ अधिक ०.५, म्हणजे १.२६; पण त्या एका हल्ल्यातून गोल फार तर एकच होऊ शकत होता. बरोबर आकडा काढताना दोन्ही हुकण्याची शक्यता काढायची, ०.२४ गुणिले ०.५ म्हणजे ०.१२, आणि ती १ मधून वजा करायची: ०.८८. शिवाय आधी गोल केलेली टीम मागे सरकते आणि बॉल समोरच्यांना देऊन टाकते. पिछाडीवर असलेल्या टीमचे शॉट आणि ताबा दोन्ही त्यामुळे फुगतात. सत्तर टक्के ताबा हे बऱ्याचदा हरत असल्याचा परिणाम असतं.

पॉयसनच्या या साध्या मांडणीलाही उणिवा आहेत. ती दोन टीमचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र मानते. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रत्यक्षात ०-० आणि १-१ थोडे जास्त होतात, १-० आणि ०-१ थोडे कमी, आणि त्यांनी या चार घरांसाठी दुरुस्ती सुचवली. लाल कार्ड निघालं की दोन्ही आकडे त्या मिनिटापासून बदलतात. घरच्या मैदानाचा फायदा वेगळा धरावा लागतो. २०२०-२१ मध्ये स्टेडियम जवळजवळ रिकामी होती तेव्हा प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या टीमचे विजय यजमानांपेक्षा जास्त निघाले, इतका तो फायदा प्रेक्षकांशी बांधलेला आहे.

फॉर्म नावाच्या गोष्टीकडे आता बघा. तीच दुप्पट चांगली टीम, दर आठवड्याला ५९ टक्के जिंकणारी, तिला हंगामात ३८ वेळा तशाच निम्म्या ताकदीच्या टीमशी खेळवा. तिच्या ताकदीत कणभरही फरक पडू देऊ नका. तरी हंगामात कधीतरी सलग तीन मॅच न जिंकण्याची शक्यता ८३ टक्के आहे. सलग चार न जिंकण्याची वेळ जवळजवळ निम्म्या हंगामांत येते. याच काळात मॅनेजरला काढतात. नवा येतो, टीम आपल्या नेहमीच्या सरासरीकडे परत सरकते, आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. काही बदल्या खऱ्या कारणांसाठीही होतात, पण चार निकालांवरून ते कारण सिद्ध होत नाही. संपूर्ण हंगामाचं सांगायचं तर या टीमचे सरासरी गुण साधारण ७६ होतात आणि नुसत्या नशिबाने ते सात-आठ गुणांनी सहज वर-खाली होतात. २०११-१२ ची ट्रॉफी गुण सारखे, ८९, असताना गोल फरकावर गेली. २०१८-१९ ची एका गुणाने, ९८ विरुद्ध ९७. त्या दोन्ही वर्षी कोणती टीम खरोखर चांगली होती हे गुणतक्ता सांगू शकत नाही.

मग येते पनवती. "मी लाइव्ह बघितली की हरतात, म्हणून झोपून टाकतो," असं गिरगावापासून वसईपर्यंत अनेक जण मनापासून मानतात. त्यांचा हिशेब अनेकदा खराही असतो, कारण मात्र वेगळं आहे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे शनिवारी रात्री अकराला आणि रविवारी रात्री दहाला लागणाऱ्या मॅच चॅनलवाल्यांनी निवडलेल्या असतात, आणि ते तगड्या टीमच्या टकरी निवडतात. तळाच्या टीमशी असलेली साडेआठची सोपी मॅच माणूस हायलाइट्समध्ये बघतो, मोठी मॅच मात्र जागून लाइव्ह. अवघड मॅच निवडून बघितल्या तर बघितलेल्या मॅचचा निकाल वाईट दिसणारच. खात्री करायची तर महिनाभर प्रत्येक मॅचपुढे समोरच्या टीमचं गुणतक्त्यातलं स्थान लिहा आणि सारख्या अवघड मॅचचीच तुलना करा. पनवती उरत नाही. जर्सी न धुणं आणि सोफ्यावरची जागा न सोडणं यांनाही हीच कसोटी लावा.

२०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या मत्स्यालयातल्या पॉल ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले. नाणं उडवून तसं होण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पण जगभर असे अंदाज सांगणारे प्राणी आणि माणसं ढिगाने असतात, आणि बातमी फक्त बरोबर आलेल्याची होते. २००८ च्या युरो स्पर्धेत याच पॉलचे सहापैकी दोन अंदाज चुकले होते, ते कुणाच्या लक्षात नाही.

हीच युक्ती टेलिग्रामवर "शंभर टक्के पक्की टिप" विकणारे वापरतात, आणि त्यात पोरांचे खरे पैसे जातात. वरच्या हिशेबातल्या, ५९ टक्के जिंकणाऱ्या पाच टीम एकाच वीकेंडला सगळ्याच्या सगळ्या जिंकण्याची शक्यता सात टक्के आहे. तरी कुणाच्या तरी पाचही टिप्स बरोबर येतातच, कारण पाच मॅचचे विजय, ड्रॉ, पराभव असे एकूण २४३ संच होतात. २४३ गटांना एकेक वेगळा संच पाठवला की रविवारी रात्री एका गटाला पाचही निकाल बरोबर मिळालेले असतात. पुढच्या आठवड्याचे पैसे त्या गटाकडून मागितले जातात, आणि उरलेले २४२ गट तोवर डिलीट झालेले असतात.