पार्श्वभूमी : विमान उडवण्याआधी सर्व्हिस बंद करण्याची पद्धत आली कुठून

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका मुलाने दिवाळीत नवा पीसी जुळवून घेतला. ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई ड्राइव्ह, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ (थोडक्यात सिम), टाकण्याआधी त्याने ओळखीतल्या एका काकांकडून ‘बंद करायच्या सर्व्हिस’ची यादी आणली (सर्व्हिस म्हणजे विंडोजमध्ये न दिसता मागे चालणारे प्रोग्रॅम; ते बंद केले की सिमला मशीन मोकळं मिळतं, असा समज) आणि एका बैठकीत चाळीसेक सर्व्हिस डिसेबल केल्या. सिम सुरूच होईना. ती यादी मी पाहिली तेव्हा त्यातल्या बऱ्याच ओळी ओळखीच्या निघाल्या. काही तर वीस वर्षांपूर्वी मीच लोकांना लिहून दिल्या होत्या. तेव्हा त्या बरोबर होत्या. कशामुळे बरोबर होत्या आणि पुढे काय बदललं, हे कुठे एकत्र मांडलेलं नाही, म्हणून हे टिपण.

फार मागचं थोडक्यात. १९८२ साली आयबीएम पीसीवर आलेला पहिला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर डॉसवरसुद्धा (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम) चालत नव्हता. फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की थेट सिमच उभं राहायचं, त्यामुळे मागे काही चालू असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या आवृत्त्या डॉसवर आल्या आणि प्रोग्रॅमना मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीची ओढाताण सुरू झाली. माउसचा ड्रायव्हर, सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर असं जे जे मेमरीत बसून राहायचं, ते वगळून लोक सिमसाठी वेगळी बूट फ्लॉपी (मशीन सुरू करायची फ्लॉपी) करायचे. म्हणजे सर्व्हिस हा शब्द घरोघरी पोचण्याआधीच उडण्यापूर्वी मशीन रिकामं करायची सवय लागलेली होती.

सर्व्हिस घरात आल्या त्या २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. विंडोज ९८ ची घडण वेगळी होती. एक्सपी विंडोज एनटीच्या घराण्यातली, मुळात कार्यालयांसाठी बेतलेली. त्यामुळे कार्यालयाच्या नेटवर्कला लागणाऱ्या गोष्टीही घरच्या मशीनवर चालू असायच्या. प्रोफेशनल आवृत्तीत तर दुसऱ्या संगणकावरून आपली रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग जिथे नोंदवतं ती जागा) बदलू देणारी रिमोट रजिस्ट्री आपोआप सुरू व्हायची. मेसेंजर नावाची सर्व्हिस होती, तिचा गप्पांच्या मेसेंजरशी काही संबंध नव्हता. नेटवरून कोणीही तिच्यामार्फत स्क्रीनवर जाहिरातीची चौकट फेकायचं. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या सुधारणांच्या संचात ती मायक्रोसॉफ्टनेच बंद करून टाकली. सर्व्हिस बंद करणारे लोक तोपर्यंत वेडे ठरवले जात होते, त्यांना या एका निर्णयाने मोठा आधार मिळाला.

२००३ साली फ्लाइट सिम्युलेटर २००४ आला, चार सीडींवर. एक्सपीवर किमान १२८ एमबी रॅम हवी, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. नाशिकमध्ये तेव्हा घरोघरी असेंबल केलेली मशीन होती. रॅम १२८ किंवा २५६ एमबी, ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच, आणि ते आपल्या वाट्याची मेमरी याच रॅममधून घ्यायचं. माझ्या मशीनचा हिशेब अजून लक्षात आहे. २५६ मधले ३२ ग्राफिक्सने घेतले, राहिले २२४. विंडोज सुरू होऊन स्थिरावलं की टास्क मॅनेजर १३८ दाखवायचा. त्याशिवाय वर अँटीव्हायरस. सिमला उरायचे जेमतेम ५०-६० एमबी. बाकीचा सगळा भार हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलवर, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज जी फाइल वापरतं तिच्यावर.

खरी अडचण इथे होती, आणि आजही लोक ती नीट समजून घेत नाहीत. रिकामी बसलेली सर्व्हिस प्रोसेसर खात नाही, ती झोपलेली असते. पण ती जागा अडवते, आणि मध्येच जागी झाली की डिस्क मागते. सेकंदाला ३० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्या काळच्या हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला सुमारे १० मिलिसेकंद घ्यायचं. अशा तीन-चार फेऱ्या मध्ये आल्या की फ्रेम गेली. मुंबईला उतरताना शेवटच्या दोन मैलांत हे हमखास व्हायचं. कॅबिनेटवरचा लाल दिवा फडफडायला लागायचा, धावपट्टी जागच्या जागी थिजायची, आणि चित्र पुढे सरकायचं तेव्हा विमान धावपट्टीच्या डावीकडे गवतावर. अशा मशीनवर पाच-सहा सर्व्हिस बंद करून १५-२० एमबी सोडवले तरी फरक डोळ्यांना दिसायचा. एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा तोच राहायचा, पण झटके कमी व्हायचे.

नाशिकपुरतं आणखी एक कारण होतं, ते बाहेरच्या लिखाणात सापडणार नाही. भारनियमन. वीज जायची, यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, मशीन बंद करावं लागायचं. दिवसातून दोन-तीनदा बूट करायचं आणि प्रत्येक बूटला चार-पाच मिनिटं घालवायची, तर उडायचं कधी? माझ्या ओळखीच्या मंडळींत ही यादी आधी पसरली ती बूट लवकर व्हावं म्हणून. एफपीएसचा मुद्दा मागून चिकटला. आणि मंडळी कमी नव्हती. ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई तयार झाले, नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराची हेलिकॉप्टरं. डोक्यावरून आवाज गेला की मान वर करणारी पोरं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात सिम असणं इथे नवलाचं नव्हतं.

मग बॅच फायली आल्या, म्हणजे एकामागून एक आज्ञा आपोआप चालवणाऱ्या फायली. डेस्कटॉपवर दोन. एक उडण्याआधीची, ‘नेट स्टॉप’च्या दहा-बारा ओळींची. दुसरी उतरल्यानंतरची, त्याच ओळी ‘नेट स्टार्ट’ करून. हेच काम करणारी छोटी मोफत सॉफ्टवेअरंही निघाली. सिम सुरू करण्याआधी ती सर्व्हिस थांबवायची आणि सिम बंद झालं की परत चालू करायची. हा मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा होता, असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात कायमचं काहीच बदलत नव्हतं. दुर्दैवाने तो मागे पडला. लोकांना एकदाच करून मोकळं व्हायचं होतं.

त्या एकदाच करण्यातून जो घोळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. सर्व्हिसच्या खिडकीत प्रत्येक नावापुढे सुरू होण्याचा प्रकार असतो : ऑटोमॅटिक, मॅन्युअल, डिसेबल्ड. यातला ‘मॅन्युअल’ हा शब्द फसवा आहे. आपण मॅन्युअल म्हणजे हाताने असं समजतो. सर्व्हिस मॅन्युअलवर टाकली की आपण स्वतः जाऊन चालू करेपर्यंत ती बंदच राहणार, असा सरसकट समज झाला. तसं नाही. मॅन्युअल म्हणजे बूटच्या वेळी उठायचं नाही, पण दुसऱ्या प्रोग्रॅमने किंवा दुसऱ्या सर्व्हिसने हाक मारली तर उठायचं. हात आपला असायची गरज नाही. ‘मागणीनुसार’ असं त्याचं भाषांतर कोणी केलं असतं तर निम्मे घोटाळे टळले असते.

या गैरसमजातून दोन्ही बाजूंनी चुका झाल्या. सर्व्हिस मॅन्युअलवर टाकल्या आणि तासाभराने त्यातल्या दोन पुन्हा चालू दिसल्या, की लोकांना वाटायचं विंडोज आपलं ऐकत नाही. मग रागाने डिसेबल. आणि डिसेबल म्हणजे कोणीही हाक मारली तरी उठायचं नाही. हाक मारणाऱ्याच्या हाती १०५८ नंबरची एरर येते, आणि त्या बंद सर्व्हिसवर जी दुसरी सर्व्हिस अवलंबून असते तिच्या हाती १०६८. यादीत डीएचसीपी क्लायंट (मशीनला नेटवर्कवरचा आयपी पत्ता मिळवून देणारी सर्व्हिस) होता, कारण फोन लाइनवर डायल करणाऱ्यांना तो लागत नव्हता. पुढे ब्रॉडबँड आलं, राउटर आले, आणि यादी जुनीच राहिली. मशीनला आयपी पत्ता मिळेना, सिममधलं खरं हवामान उतरेना, आणि तक्रार मात्र टेलिफोन खात्याकडे जायची. कोणी विंडोज ऑडिओ बंद केला आणि इंजिनाचा आवाज गेला म्हणून साउंड कार्ड बदललं.

विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, हा शब्द आणखी गुंतला. सर्व्हिस एखाद्या घटनेवर उठू लागल्या. यूएसबीला काही जोडलं, नेटवर्क मिळालं, की संबंधित सर्व्हिस जागी व्हायची, काम करायची, परत झोपायची. विंडोज ८ पासून खिडकीत ‘मॅन्युअल’च्या पुढे कंसात ट्रिगर स्टार्ट असं दिसू लागलं. कंपनीने स्वतःच बऱ्याच सर्व्हिस ऑटोमॅटिकवरून काढून अशा मागणीवर आणल्या. म्हणजे आम्ही जे हाताने करत होतो ते विंडोज स्वतः करायला लागलं होतं. नेमक्या त्याच काळात याद्या दहा ओळींवरून चाळीसवर गेल्या.

माझी स्वतःची चूक सिस्टीम रिस्टोरची, म्हणजे बिघाड झाल्यास मशीन आधीच्या स्थितीत नेणाऱ्या सर्व्हिसची. २००६ च्या एप्रिलमध्ये मी ती सर्व्हिस बंद केली, कारण ती डिस्कवर जागाही घ्यायची आणि मधूनच डिस्कही फिरवायची. मे महिन्यात भारनियमनाच्या वेळेआधीच वीज गेली. यूपीएसची बॅटरी संपत आलेली होती, मशीन एका क्षणात काळं. परत चालू केलं तर रजिस्ट्रीची फाइल खराब झाल्याची ओळ, आणि मागे जायला एकही रिस्टोर पॉइंट नाही. फॉरमॅट मारावं लागलं. दोन वर्षांत जमवलेल्या सीनरी (सिममध्ये टाकायचे जमिनीचे, विमानतळांचे देखावे) आणि स्वतः रंगवलेली तीन विमानं गेली. तेव्हापासून मी कोणाला यादी देताना ती ओळ खोडून देतो.

विंडोज व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये बाजारात आली, फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स) त्याआधी ऑक्टोबर २००६ मध्ये. हे दोन्ही एका मशीनवर म्हणजे त्या वर्षीचं मोठं दुखणं. सुपरफेच मेमरी आधीच भरून ठेवायचा, विंडोज सर्च फायलींची सूची करत बसायचा, आणि डिस्क सतत कुरकुरायची. या दोन सर्व्हिस बंद कराव्यात की नाही यावर भांडणं झाली. बंद करा म्हणणारे पूर्णपणे चुकीचे नव्हते. १ जीबी रॅमच्या मशीनवर फरक पडायचा, मी तो पाहिला आहे. पण व्हिस्टापासून डिस्कच्या कामांनाही प्राधान्य ठरवता येऊ लागलं होतं. सूची करणारी सर्व्हिस कमी प्राधान्याने वाचते आणि सिमने डिस्क मागितली की बाजूला सरते. २ जीबी रॅम घातली की वादातला जीव जायचा. त्याच सुमारास एक्सपीवर आपोआप अपडेट शोधणारी सर्व्हिस एसव्हीसीहोस्टच्या आडून अख्खा प्रोसेसर धरून बसायची. तो खरा दोष होता आणि पुढे दुरुस्तही झाला. पण एसव्हीसीहोस्ट या नावाची भीती मनात बसली ती बसलीच. ते नाव म्हणजे अनेक सर्व्हिसना एकत्र बसवणारं नुसतं भांडं. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीने पुरेशी रॅम असलेल्या मशीनवर प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या भांड्यात ठेवायला सुरुवात केली, आणि टास्क मॅनेजरमध्ये एकदम सत्तर-ऐंशी एसव्हीसीहोस्ट दिसू लागले. लोक घाबरून पुन्हा यादीकडे वळले.

एफएसएक्सच्या उतारवयात यादीचा सर्वांत निरुपयोगी वापर झाला. जड विमान, जड सीनरी, तीन तासांचं उड्डाण, आणि उतरताना ‘मेमरी संपली’ असा संदेश येऊन सगळं बंद. लोक सर्व्हिस बंद करत सुटले. पण तो प्रोग्रॅम ३२ बिटी होता. मशीनमध्ये १६ जीबी असली तरी त्याला स्वतःचे जास्तीत जास्त ४ जीबीचेच पत्ते वापरता येत होते. दुसऱ्या कोणाची जागा रिकामी करून त्यात एक बाइटही वाढणार नव्हती. टेक्श्चरचा (जमीन, विमान यांच्यावर चढवलेल्या चित्रांचा) आकार कमी करणं हाच इलाज होता, आणि तो कोणाला आवडत नव्हता.

ऑगस्ट २०२० मध्ये नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला आणि सर्व्हिसचं नातंच उलटं झालं. जमीन, इमारती, हवामान नेटवरून येतं, खात्यात लॉगिन लागतं, आणि विंडोजच्या स्टोअरवरून घेतलेली प्रत गेमिंग सर्व्हिसेस चालू असल्याशिवाय उघडतच नाही. ‘आपण एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा खेळांचा संच) वापरत नाही’ म्हणून एक्सबॉक्स नावाच्या सगळ्या ओळी डिसेबल करणारे इथे अडकतात. शिवाय यादीत आता सर्व्हिस नसलेल्याही गोष्टी शिरल्या आहेत. वनड्राइव्ह (फायली नेटवर ठेवणारा) हा स्टार्टअपचा, म्हणजे लॉगिनबरोबर सुरू होणारा प्रोग्रॅम आहे. मेमरी इंटेग्रिटी ही विंडोजमधली सुरक्षेची सोय आहे. ती बंद केल्याने खेळांचा वेग वाढू शकतो हे २०२२ मध्ये कंपनीने स्वतः सांगितलं, खेळ झाल्यावर परत चालू करा असंही सांगितलं. यादीत पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं नाही.

इंदिरानगरच्या त्या मशीनवर आम्ही गेमिंग सर्व्हिसेस आणि एक्सबॉक्सच्या ओळी मॅन्युअलवर आणल्या, रिस्टोर पॉइंट परत चालू केला, एक सोडून बाकीच्याही मूळ जागी नेल्या. सिम उघडलं. ओझरहून उडून मुंबईला उतरताना झटके आलेच. डेव्हलपर मोडमधला एफपीएसचा फलक उघडला तर अडथळा मुख्य थ्रेडचा (प्रोसेसरवर चालणाऱ्या सिमच्या मुख्य कामाचा) दिसला, आणि विमानतळावरची गाड्यांची, विमानांची गर्दी अर्ध्यावर आणल्यावर झटके थांबले. अँटीव्हायरसला सिमचा फोल्डर तपासू नको असं सांगितलं आणि वनड्राइव्ह स्टार्टअपमधून काढला. सर्व्हिसपैकी बंद ठेवली ती एकच, प्रिंट स्पूलर, आणि तीही त्याच्याकडे प्रिंटर नाही म्हणून.