जॅझ : शैलींचा विकास

जॅझ हे अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घडवलेले संगीत. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे त्याचे जन्मगाव. ठरलेल्या मात्रांचे आवर्तन, त्यावर बसवलेली कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या स्वरगुच्छांची) मालिका आणि तिच्या आधाराने केलेले उत्स्फूर्त वादन ही त्याची तीन अंगे होत. चौकट किती घट्ट ठेवायची आणि वादकाला किती मोकळीक द्यायची, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीने वेगळे दिले आणि त्यातून शैली बदलत गेल्या. तबकडीवर मावणारा वेळ, नाचघराचा आकार आणि वाद्यांचा आवाज यांचाही या बदलांत मोठा हात आहे.

चौकट म्हणजे काय, हे १२ बारांच्या ब्लूजवरून (कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेला गीतप्रकार) सहज कळते. एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचे. पहिले ४ बार षड्जावरच्या कॉर्डचे, पुढचे २ मध्यमावरच्या, मग २ पुन्हा षड्जावरच्या. त्यानंतर १ बार पंचमाचा, १ मध्यमाचा आणि शेवटचे २ षड्जाचे. गायक यात गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लावतो. पियानोवर हा स्वर नाहीच, म्हणून पियानोवादक दोन्ही पट्ट्या एकदम किंवा पाठोपाठ दाबून त्याचा भास निर्माण करतो. आपल्याकडचा श्रोता सवयीने समेची वाट पाहतो. इथे आवर्तनाची सुरुवात ठासून दाखवण्याचे बंधन नाही. ती कॉर्डच्या बदलावरून ओळखायची असते. टाळीही १ आणि ३ ऐवजी २ आणि ४ या मात्रांवर पडते.

दुसरी गोष्ट लयीच्या झोक्याची, म्हणजे स्विंगची. मात्रेचे दोन भाग समान पडत नाहीत. मध्यम लयीत पहिला भाग दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. लय वाढेल तसा हा फरक कमी होतो आणि मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. शिकणारे बहुतेक वेळा सर्व लयींत दुपटीचेच प्रमाण राखतात, आणि मग जलद रचना घोड्याच्या टापांसारखी उड्या मारू लागते. कागदावर दोन्ही सूर सारखेच लिहिलेले असतात. म्हणून झोका ऐकूनच अंगात मुरवावा लागतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये काँगो स्क्वेअर या मैदानात गुलाम लोक रविवारी जमून वाजवत व नाचत. या स्मृतीला पुढे मिरवणुकीतील पितळी वाद्यांचे बँड, चर्चमधील गायन, ब्लूज आणि रॅगटाइम (ठेका मात्रेबाहेर पाडणारे पियानोसंगीत) येऊन मिळाले. कॉर्नेट (ट्रंपेटसारखे छोटे पितळी वाद्य) वाजवणारा बडी बोल्डन (१८७७–१९३१) हा पहिला गाजलेला बँडप्रमुख; त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. आद्य शैलीत कॉर्नेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतो आणि ट्रॉम्बोन खालून टेकू देतो. तिघेही एकाच वेळी वाजवतात. पहिली जॅझ तबकडी मात्र १९१७ मध्ये ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या संचाची निघाली. संगीत ज्यांनी घडवले त्यांना तबकडीवर येण्यासाठी वाट पाहावी लागली, हा अन्याय इतिहासात नोंदवलाच पाहिजे.

कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ मधली ध्वनिमुद्रणे ऐकताना ड्रम जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि हवेच्या दाबाने सुई मेणावर रेघ कोरत असे. मोठ्या ड्रमचा ठोका पडला की सुई उडे. म्हणून ड्रमवाले लाकडी ठोकळ्यावर टकटक करून भागवत. १९२५ पासून विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि डबल बेस व ड्रम तबकडीवर नीट उतरू लागले. याच बँडमधला लुई आर्मस्ट्राँग याने १९२५ ते १९२८ या काळात शिकागोतील आपल्या छोट्या संचांतून सामूहिक वादनाचा तोल बदलला आणि एकट्या वादकाला मध्यभागी आणले. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात तो एकट्या ट्रंपेटवर, साथीशिवाय करतो. जॅझमधील एकलवादनाचा मानदंड तिथेच ठरला.

१९३० च्या दशकात नाचघरे मोठी झाली आणि पाच-सहा जणांचा आवाज पुरेना. त्यातून बिग बँड आले : साधारण ५ सॅक्सोफोन, ३–४ ट्रंपेट, ३–४ ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बेस, ड्रम. इतक्या जणांनी एकदम मनाचे वाजवले तर गोंधळ होतो, म्हणून लिखित रचना आवश्यक ठरली. फ्लेचर हेंडरसन, ड्यूक एलिंग्टन आणि कॅन्सस सिटीचा काउंट बेसी हे या पर्वातील प्रमुख. ट्यूबाच्या जागी डबल बेस, बँजोच्या जागी गिटार आली. बेसीच्या बँडमधील जो जोन्स याने लयीचा भार मोठ्या ड्रमवरून पायाने चालणाऱ्या झांजांवर नेला. त्यामुळे सारा बँड हलका होऊन तरंगू लागला.

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये थेलोनियस मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर यांच्या रात्रीच्या बैठकांतून बीबॉप घडला. लय अतिजलद, कॉर्ड दाट, संच चार-पाच जणांचा आणि समोर नाचणारे नव्हे, ऐकणारे. लोकप्रिय गाण्यांच्या कॉर्ड ठेवून त्यावर नवी चाल बांधण्याची रीत इथे फोफावली, कारण मालकी हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो. अमेरिकेतील वादक संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकल्यामुळे या शैलीची सुरुवातीची वर्षे तबकडीवर फारशी आलीच नाहीत. तयार बीबॉप अचानक कानांवर पडला तेव्हा अनेकांना तो आकाशातून पडल्यासारखा वाटला.

तोपर्यंतच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीनच मिनिटे मावत. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि वादकाला ऐसपैस जागा मिळाली. जुलै १९५६ मध्ये न्यूपोर्ट महोत्सवात एलिंग्टनच्या बँडमधील सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस याने ब्लूजची सलग २७ आवर्तने, म्हणजे ३२४ बार वाजवले. (आडनावावरून गोंयकार वाटणारा हा कलावंत मूळचा केप व्हर्दच्या घराण्यातला.) त्याआधीच १९४९–५० मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने फ्रेंच हॉर्न व ट्यूबा घेऊन नऊ जणांच्या संचातून ‘कूल’ शैलीचा संयत नाद मांडला होता, तर आर्ट ब्लेकी व होरेस सिल्व्हर यांच्या हार्ड बॉपने ब्लूज आणि चर्चगायनाची ऊब परत आणली.

१९५९ मधील डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेपासून मोडल जॅझ, म्हणजे कॉर्ड भराभर न बदलता एकाच स्वरसप्तकात रमणारा जॅझ, रुजला, आणि रागसंगीत ऐकणाऱ्यांना हीच वाट सर्वांत जवळची वाटेल. ‘सो व्हॉट’ या रचनेत कॉर्डची धावपळ नाही. १६ बार डी पट्टीत डोरियन, ८ बार अर्ध्या स्वराने वर सरकलेला तोच डोरियन आणि ८ बार परत मूळ जागी. डोरियनचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच. रचना सोपी दिसते आणि तिथेच वादक चुकतात. शेवटचे ८ बार आणि नव्या आवर्तनाचे पहिले १६ जोडून सलग २४ बार एकच पट्टी राहते, मोजणी सुटते आणि वर सरकण्याची जागा हुकते. उपाय एकच : बेसकडे कान ठेवणे आणि आठ-आठ बारांची वाक्ये मनात म्हणत राहणे.

त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने कॉर्डची चौकटच दूर सारली. १९६० च्या ‘फ्री जॅझ’मध्ये चार-चार वादकांचे दोन संच एकाच वेळी वाजतात. १९६९ मध्ये मुद्रित झालेल्या डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ने विजेची वाद्ये आणि रॉकची लय आणली, तिथून फ्यूजन सुरू झाले. गिटारवादक जॉन मॅक्‌लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या संचात मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन होते.

मुंबईत जॅझ त्याआधीच पोहोचला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्यातील वादक चर्चला जोडलेल्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकत. मुंबईच्या बँडांना असेच वादक हवे होते. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) हे आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवत. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्यासोबत त्यांनी काम केले आणि ‘अलबेला’ (१९५१) मधील गाण्यांत तो स्विंग स्वच्छ ऐकू येतो. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव भरू लागला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेले.