काळी माती फुगते, गोठलेली माती पाणी ओढते

सायबेरियातली गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळतेय आणि त्यातून ‘झोंबी व्हायरस’ बाहेर पडणार, ही बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरत येतेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसून वाचायला ती बरी वाटते. खरं एवढंच, की २०१४ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिथल्या सुमारे ३०,००० वर्षं जुन्या थरातला एक विषाणू पुन्हा सक्रिय केला. त्याची लागण अमिबाला होते, माणसाला नाही. काळजीच करायची तर अँथ्रॅक्सची करावी; गुरांना आणि माणसांनाही होणारा हा रोग, त्याचे जिवाणू गोठलेल्या जमिनीत टिकून राहतात. २०१६ मध्ये सायबेरियातल्याच यामल द्वीपकल्पात त्याच्या साथीत दोन हजारांवर रेनडियर मेले, एक मुलगाही दगावला.

मला मात्र या विषयाची गोडी लागली ती पायामुळे. घराच्या पायामुळे.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फाचा डोंगर नव्हे. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाला किंवा त्याखाली राहिलेली कुठलीही जमीन. माती असो, वाळू असो की कातळ. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालचा गोठलेलाच. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं १८२७ साली विहीर खणायला घेतली. ११६ मीटर खाली गेला, तरी गोठलेलीच जमीन! (आपल्याकडे बोअर कोरडी जाते, त्याचं कारण वेगळं.)

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून गोठणारी जमीन वर उचलली जाते, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघा. मीटरभर मातीत ४० टक्के पाणी धरलं, तरी उचल साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात ती याच्या कितीतरी पट होऊ शकते. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९३०च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझीन वापरून पाहिलं. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती उचललीच गेली! गंमत अशी, की मातीच्या कणांभोवती पाण्याचा एक अतिपातळ थर शून्याखालीही द्रवच राहतो. त्या वाटेनं बर्फ खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो आणि शुद्ध बर्फाचे आडवे पापुद्रे जाड होत जातात. वाळूत ही ओढ कमी पडते, चिकणमातीत पाणी फार हळू सरकतं. सगळ्यात वाईट ती मधली, गाळाची माती.

पाणी घेऊन फुगणारी माती सोलापूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर चढते. मग वास्तूवाल्याला बोलावून दार हलवतात. दाराचा काय दोष? पाया मुरमापर्यंत नेला असता तर तेवढ्याच पैशात काम झालं असतं. फरक एवढाच, की काळी माती दर वर्षी फुगते-आटते. तिकडचा बर्फ मात्र हजारो वर्षं साठलेला. तो वितळला की त्याची जागा रिकामी होते आणि वरचं घर खचतं.

आणि वितळवतं कोण? बऱ्याचदा घरच, आतल्या उबेनं. म्हणून याकुत्स्कमधल्या इमारती खोल रोवलेल्या खांबांवर, जमिनीपासून उंच उभ्या असतात. खालून गार वारा खेळतो. अलास्कातल्या १९७७च्या तेलवाहिनीच्या खांबांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात अमोनिया जमिनीतली उष्णता घेऊन वाफ होतो, वर नळीच्या टोकाला लावलेल्या धातूच्या थंड पात्यांशी पुन्हा द्रव होतो आणि ओघळून खाली येतो. मोटर नाही, वीज नाही. उन्हाळ्यात वरची बाजू गरम झाली की चक्र आपोआप थांबतं. असली अक्कल बघितली की मन प्रसन्न होतं.

जगभरच्या गोठलेल्या जमिनीत वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन अडकलाय, तो वेगळाच विषय.

आपल्याही देशात हिमालयात पर्माफ्रॉस्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तलावात काठावरचा गोठलेल्या दगडमातीचा कडा कोसळला. उसळलेल्या पाण्यानं तलावाचा बांध फोडला आणि खाली तीस्ता-३ धरण वाहून गेलं.