ग्रहणशील स्पर्श

मसाज थेरपीच्या शिक्षणातील एक दृष्टी आणि तिच्यावर आधारलेली अध्यापनपद्धती. हाताखालच्या शरीरातील ताण, श्वासाची लय आणि स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद आधी जाणून घ्यावा व हाताची पुढची हालचाल त्यावरून ठरवावी, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. ती शिकवणाऱ्या शाखा अनेक आहेत. त्यांची नावे व दावे वेगवेगळे असले, तरी शिकणाऱ्याच्या हाताला लागलेली ‘काहीतरी करून दाखवण्याची’ सवय सोडवणे हे त्या सर्वांपुढचे पहिले काम असते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या मसाजच्या शिक्षणात तळहात लांबवर फिरवणे, मळणे, घासणे, थापटणे अशा ठरावीक क्रियांचा क्रम असे व विद्यार्थ्याची परीक्षाही त्या क्रियांवरच होई. याहून वेगळा विचार मसाजच्या शाळांत नव्हे, तर व्यायामाच्या वर्गात सुरू झाला. बर्लिनमधील शिक्षिका एल्सा गिंडलर (१८८५–१९६१) यांनी ठरावीक कवायती बाजूला ठेवून, उभे राहणे, बसणे, श्वास घेणे यांसारख्या साध्या क्रियांकडे लक्ष द्यायला विद्यार्थ्यांना शिकवले. त्यांनी फार थोडे लिहिले आणि जे साठवले होते त्यातील बरेचसे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जळाले. त्यामुळे त्यांचा प्रभाव मुख्यतः शिष्यांच्या हातूनच पुढे गेला. त्यांपैकी शार्लोट सेल्व्हर अमेरिकेला गेल्या आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या एसालेन इन्स्टिट्यूट या निवासी कार्यशाळांच्या केंद्रात त्यांनी वर्ग घेतले. तेथे विकसित झालेल्या संथ, लांब हालचालींच्या मसाजवर या शिकवणीची छाप आहे.

याच परंपरेचा दुसरा धागा मॅरियन रोझेन (१९१४–२०१२) यांच्यापर्यंत येतो. न्यूरेंबर्ग येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या रोझेन यांनी म्युनिकमध्ये गिंडलर यांच्या शिष्या लूसी हायर यांच्याकडे मसाज व श्वसनाचे काम शिकून घेतले. हायर यांचे पती मानसोपचारतज्ज्ञ होते आणि त्यांच्या रुग्णांवर बोलण्याच्या उपचारासोबत हाताचे उपचारही केले जात. नाझी राजवटीमुळे देश सोडून रोझेन स्वीडनमार्गे अमेरिकेत पोहोचल्या व फिजिओथेरपिस्ट म्हणून कॅलिफोर्नियात त्यांनी अनेक दशके काम केले. स्वतःची पद्धत इतरांना शिकवण्यास त्यांनी सुरुवात केली ती मात्र साठीच्या आसपास. रोझेन पद्धतीत थेरपिस्ट ताठरलेल्या स्नायूवर मऊ, उघडा तळहात ठेवतो, दाब त्या स्नायूच्या ताठरपणाइतकाच ठेवतो आणि छाती व पोट यांमधील श्वासपटलाची हालचाल पाहत राहतो. श्वास बदलला, तर त्या क्षणी काय जाणवले हे तो मोजक्या शब्दांत विचारतो.

मिल्टन ट्रेगर (१९०८–१९९७) यांची वाट निराळी होती. तरुणपणी मुष्टियुद्ध करणारे व पुढे डॉक्टर झालेले ट्रेगर हातपाय व धड हळुवार डोलवून काम करीत. शिकवताना ते नियम सांगण्याऐवजी, याहून हलके काय असेल, याहून मोकळे काय असेल, असे प्रश्न विचारायला लावीत. थेरपिस्टचे स्वतःचे मन शांत झाल्याशिवाय त्याच्या हाताला काही कळत नाही, अशी त्यांची धारणा होती.

प्रत्यक्ष वर्गात हे शिक्षण बरेच शारीरिक असते. टेबलाची उंची, पायांतील अंतर, खांद्यांचा सैलपणा यांपासून सुरुवात होते, कारण अंगठ्याच्या जोरावर काम करणाऱ्याचा हात स्वतःच ताठ असतो आणि ताठ हाताला दुसऱ्याचा ताण नीट समजत नाही. विद्यार्थी तळहात टेकवतो, शरीराचे वजन सावकाश त्यात उतरू देतो, ऊती पहिल्यांदा विरोध करतात तेथे थांबतो आणि वाट पाहतो. हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. एक देणारा, एक घेणारा व एक निरीक्षक अशा गटांत सराव केल्यास हात केव्हा घाईत होता हे घेणारा लगेच सांगू शकतो. हात उचलण्याचाही सराव करावा लागतो, कारण अचानक तुटलेला स्पर्श अंगावर काटा आणतो.

सौम्य स्पर्श म्हणजे हलका स्पर्श, हा समज मात्र चुकीचा आहे. मायामी विद्यापीठातील टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत मध्यम दाबाच्या मसाजने हृदयाची गती मंदावली, तर फार हलक्या दाबाने उलट ती वाढली. बिचकत ठेवलेला हात गुदगुल्या करतो हे कोणताही अनुभवी थेरपिस्ट सांगेल. दुसरीकडे, मुख्यतः लव असलेल्या त्वचेतील ‘सी-टॅक्टाइल’ नावाचे मंदगती चेतातंतू सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात व त्यांचा संबंध स्पर्शाच्या सुखद जाणिवेशी असल्याचे स्वीडिश संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे संथपणाला शरीरशास्त्राचा काही आधार आहे. स्नायूंत जुन्या भावना साठून राहतात, या दाव्याला तसा थेट पुरावा नाही, आणि शिक्षकांनी तो सिद्ध सत्य म्हणून सांगणे योग्य नव्हे.

भारतीय परंपरेला स्पर्शाच्या अशा प्रतवारीची ओळख आहे. सुश्रुतसंहितेत संवाहनाचा, म्हणजे हलक्या हाताने अंग चेपण्याचा, वेगळा उल्लेख असून ते झोप आणणारे व श्रम घालवणारे म्हटले आहे. महाराष्ट्रात बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायांचे कसबही मोठ्या बाईच्या हाताखालीच शिकले जाते. त्यांचा हात पुष्कळदा जोरकस असतो, पण बाळ कुरकुरले की तो कुठे सैल करायचा हे चांगल्या बाईला माहीत असते.

या शिक्षणात संमतीला विशेष महत्त्व आहे, कारण संथ व स्थिर स्पर्श जवळिकीचा वाटू शकतो. कोठे हात ठेवला जाईल हे आधी सांगणे, अंग झाकलेले ठेवणे आणि नकार आल्यास कारण न विचारता थांबणे हे अभ्यासक्रमाचे भाग असावे लागतात. उपचार चालू असताना कोणाला रडू आले, तर थेरपिस्टने हात स्थिर ठेवावा किंवा विचारून काढून घ्यावा. त्या रडण्याचा अर्थ लावणे त्याच्या अधिकारात येत नाही. पोटरीला एकाच बाजूने सूज, उष्णता व वेदना असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता गृहीत धरून हात न लावता डॉक्टरांकडे पाठवावे लागते, मग स्पर्श कितीही सौम्य असो.